शाळा मंडळाच्या दप्तराबाहेरचे विद्यार्थी

जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासावर आपल्याकडे जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून. या स्मरणिकांची एक ठराविक घडण असते. आरंभी देणगीदारांची छायाचित्रे, मग संस्थापकांची चरित्रे, त्यानंतर इमारतींचा विस्तार, आणि शेवटी ‘विद्यार्थ्यांचे उपक्रम व यश’ असे एक प्रकरण. या प्रकरणात शालान्त परीक्षेतील गुणवंत असतात, वक्तृत्वाच्या ढाली असतात, क्रिकेटचे संघ असतात, स्नेहसंमेलनातील नाटके असतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अशा पुष्कळ स्मरणिका मी गेल्या काही वर्षांत वाचून काढल्या. त्यांतील बहुतेकांत १९५० पूर्वीचा एकही अस्पृश्य विद्यार्थी मला भेटला नाही. तो शाळेत नव्हताच, असे याचे एक उत्तर आहे, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ते पूर्ण उत्तर नव्हे. तो होता, त्याचे उपक्रम होते, त्याचे यशही होते. मात्र ज्या रकान्यांत यश मोजले गेले, त्या रकान्यांत बसेल असे ते नव्हते. या निबंधात मला एवढेच दाखवावयाचे आहे की, या विद्यार्थ्याच्या उपक्रमांना स्वतःचा एक सलग इतिहास आहे आणि तो जिल्ह्याच्या इतिहासात लिहिला गेल्याशिवाय जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास अपुरा राहणार आहे.

हा इतिहास एका अर्जापासून सुरू होतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. सरकारी शाळा, सरकारी पैसा, फी भरण्याची तयारी. तरीही त्याला प्रवेश नाकारण्यात आला. मुलगा तेथे थांबला नाही. त्याने प्रकरण मुंबई सरकारपर्यंत नेले. मुंबई सरकारने जुलै १८५६ च्या ठरावात मान्य केले की न्याय या मुलाच्या बाजूचा आहे; परंतु एका व्यक्तीसाठी युगानुयुगांच्या समजुती मोडावयास गेल्यास शिक्षणकार्याचेच नुकसान होईल, असे म्हणून हात झटकले. प्रकरण कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारकडे गेले. १८५७ च्या जानेवारीत त्या सरकारने मुंबईला कळविले की बंगालमध्ये अशा मुलाला बहुधा प्रवेश नाकारला गेला नसता. शेवटी १८५८ मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील असे तत्त्व सांगितले.

आता या घटनेकडे विद्यार्थ्याचा उपक्रम म्हणून पाहावयास हवे. ज्याला अजून अक्षरशाळेचा उंबरठा ओलांडता आलेला नाही, अशा एका मुलाच्या अर्जाने धारवाड, मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशा चार ठिकाणच्या सत्तेला आपापली भूमिका कागदावर मांडावी लागली. ढाल मिळविणाऱ्या कोणत्या विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यात याहून मोठे काम केले आहे? पण शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही, कारण हजेरीपटावर नाव यावे म्हणूनच तर त्याचा झगडा होता.

याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांतून अस्पृश्य मुलेमुली शिकत होती. त्यांपैकी मुक्ता साळवे या मांग समाजातील किशोरवयीन मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये दोन भागांत छापून आला. शाळेत मुलांना निबंध लिहावयास सांगणे हा तसा नेहमीचा शालेय उपक्रम. परंतु येथे एका मुलीने मिळालेली लेखणी आपल्या समाजाच्या दैन्याकडे आणि ते दैन्य लादणाऱ्या धर्मव्यवस्थेकडे वळविली. धारवाडचा अर्ज आणि पुण्याचा निबंध यांत फक्त एक वर्षाचे अंतर आहे. एकाने दार ठोठावले, दुसरीने दाराच्या आत गेल्यावर काय करावयाचे ते दाखविले. पुढच्या शंभर वर्षांतील आपल्या विद्यार्थ्यांचे सारे उपक्रम याच दोन प्रकारांत मोडतात, असे माझे निरीक्षण आहे.

तत्त्व १८५८ मध्ये मान्य झाले. व्यवहार मात्र बदलला नाही. १८८१-८२ ची आकडेवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे सायमन कमिशनपुढील निवेदनात उद्धृत केली आहे. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्य वर्गाचे विद्यार्थी होते २,८६२, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या शेकडा एकही नाही. मिडल स्कूलमध्ये १७. हायस्कूलमध्ये शून्य. कॉलेजमध्ये शून्य. हंटर कमिशनने सर्वांना प्रवेशाच्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला खरा, पण तो जपून, चाचरत केला. कारण त्याच्यासमोर गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा अनुभव होता. तेथे अस्पृश्य मुलांना सामान्य शाळेत बसविताच मोठ्या शाळा ओस पडल्या आणि अस्पृश्यांच्या झोपड्या व पिके जाळण्यात आली. मुलाने पाटी उचलली म्हणून बापाचे पीक जळते, अशा परिस्थितीत त्या मुलाचे रोज शाळेत जाणे हाच एक उपक्रम असतो, आणि वर्षाअखेर तो शाळेत टिकून असणे हेच यश असते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलात भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश झाला. त्या रजिस्टरातील नोंद आज जपून ठेवलेली आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा करावयास सुरुवात केली. परीक्षेतील गुणांचा, पदवीचा किंवा पारितोषिकाचा हा दिवस नव्हे, तर केवळ प्रवेशाचा दिवस आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०७ साली हाच विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा मुंबईत सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. सवर्णांच्या घरी मॅट्रिक होणे ही तोवर घरगुती पेढ्यांची गोष्ट झाली होती. आपल्याकडे ती सार्वजनिक सभेची गोष्ट होती. एकाच्या पासावर सगळ्यांचा काहीतरी हक्क आहे, ही जाणीव त्या सभेमागे होती.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाची दोन्ही टोके धरली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सामान्य शाळांतच घ्यावे असा हुकूम निघाला. वेगळे वसतिगृह ठेवावयाचे, पण वेगळी शाळा मोडावयाची, हा विचार समजून घेण्यासारखा आहे. शाळा वेगळी ठेवली की अस्पृश्यता कायम होते. परंतु राहण्याजेवण्याची सोय नसेल तर सामान्य शाळेचे उघडे दार खेड्यातील मुलाच्या उपयोगाचे नाही.

ब्रिटिश मुलखात मात्र उलट घडत होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून जिल्हा लोकल बोर्डांच्या शाळा मंडळांकडे गेला. स्थानिक स्वराज्याचा हा मोठा विजय म्हणून त्याचे स्वागत झाले. पण स्थानिक म्हणजे कोण? जिल्ह्याच्या बोर्डावर निवडून येणारे जमीनदार, वकील, सावकार आणि पाटील. गावच्या विहिरीवर अस्पृश्याला येऊ न देणारी मंडळीच गावच्या शाळेची मालक झाली. म्हणूनच बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या हाती देण्यावर आक्षेप घेतला. सरकार निदान तत्त्वाने बांधलेले होते. शाळा मंडळाला गावाचे मत सांभाळावयाचे होते. १९२३ मध्येच बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले होते. ठराव मुंबईत झाला, आणि त्याची अंमलबजावणी मात्र त्याच जिल्ह्यांच्या हाती राहिली.

परिणाम काय झाला, हे बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कौन्सिलात आकड्यांनी मांडले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकवस्तीमागे प्रगत हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मध्यम हिंदू वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे अनुक्रमे ३,०००, ५००, १४० आणि १४. कॉलेजात दर दोन लाखांमागे १,०००, ५२, १४ आणि मागासवर्गाचा जवळजवळ कोणीच नाही. जिना जसजसा वर जातो तसतशी आपली माणसे गळत जातात. प्राथमिक शाळेत हजारी १८ असलेली संख्या माध्यमिक शाळेत लाखी १४ वर येते, याचा अर्थ गळतीचे मुख्य ठिकाण चौथी ते हायस्कूल या दरम्यान होते. हायस्कूल जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, मुलगा खेड्यात. मधले अंतर दहावीस मैलांचे, आणि त्या गावात त्याला भाड्याने खोली मिळण्याची शक्यता नाही.

या ठिकाणी सोलापूरचे महत्त्व आहे. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सोलापूरचे कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. नगरपालिकेने अनुदान दिले. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला. एवढ्यावर हा इतिहास थांबत असता तर तो दातृत्वाचा इतिहास झाला असता. पण या वसतिगृहाशी निगडित असलेल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले. मोफत वाचनालय उघडण्यात आले. सभेने मुंबईतही वाचनालय आणि महार हॉकी क्लब काढला. तरुणांना दारू, जुगार यांपासून दूर ठेवावे हा त्यामागचा हेतू होता.

मासिक, वाचनालय आणि खेळाचा संघ. कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेतील ‘उपक्रम’ याच तीन गोष्टींचे असतात. फरक कोठे पडतो ते पाहू. शाळेतील वाचनालय शाळेने विद्यार्थ्याला दिलेले असते. हे वाचनालय ज्यांच्या आईबापांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्यासाठी होते, आणि वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे ही त्यामागची स्वाभाविक अपेक्षा होती. शाळेतील मासिक वार्षिक समारंभाचे भूषण असते. ‘सरस्वती विलास’ चालविणाऱ्या मुलांच्या पाठीमागे मात्र लिहिण्याची कोणतीही घरगुती परंपरा नव्हती. ती पहिलीच पिढी. मासिकाचे नाव सरस्वतीवरून ठेवले, यावरून आज कोणी नाक मुरडील. परंतु त्या मुलांसमोर दुसरी कोणती शब्दसंपत्ती होती? ज्या विद्यादेवतेच्या नावाने त्यांना विद्या नाकारली गेली, तिचेच नाव त्यांनी आपल्या अंकावर लिहिले. पुढे दोनतीन दशकांत आपल्या नियतकालिकांची नावे बदलली, प्रतीके बदलली. तो बदल जाणिवेच्या वाढीचा आहे, आणि ती वाढ समजावयाची तर पहिली पायरी पुसून चालणार नाही.

जून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वसतिगृहांचे काम चालविण्यासाठी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे धारवाडला या संस्थेचे वसतिगृह सुरू झाले आणि बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. १८५६ साली ज्या गावात एका महार मुलाला वर्गाबाहेर ठेवले गेले, त्याच गावात सुमारे सत्तर वर्षांनी अस्पृश्य विद्यार्थी स्वतःच्या वसतिगृहातून हायस्कूलला जाऊ लागले. त्या पहिल्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला असे सरकारी कागद सांगतात. इतिहास लिहिताना आपण म्हणावयास हवे की तो अर्ज मंजूर व्हावयास सत्तर वर्षे लागली. १९२८ मध्ये नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. तिनेही शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि सामान्य शाळांतील समान प्रवेश यांवर भर दिला.

सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी निराळा प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे सातारचे वसतिगृह १९२४ पासून सर्व जातींच्या मुलांचे एकत्र होते. स्वयंपाक, शेतकाम, झाडलोट सर्वांनी करावयाची. ज्या दिवसांत शाळा मंडळांच्या शाळांतून मुलांना वेगळे बसविले जात होते, त्या दिवसांत एका पंगतीला बसून भाकरी खाणे हा शैक्षणिक उपक्रमच होता. सोलापूर आणि सातारा या दोन वाटांची तुलना आपल्याकडे कमी झाली आहे. साताऱ्याने मिश्र जीवनाची सवय दिली. सोलापूरने स्वतःची संस्था स्वतः चालविण्याची सवय दिली. पहिलीत जातीचा काच कमी झाला, दुसरीत नेतृत्व घडले. माझ्या मते दोन्ही वाटा आवश्यक होत्या. परंतु मासिक काढणे, सभा भरविणे, हिशेब ठेवणे, पाहुण्यांपुढे आपले म्हणणे मांडणे ही कामे दुसऱ्याच्या घरात राहून शिकता येत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय निघाले. सिद्धार्थमधील विद्यार्थी संसद, मिलिंदमधील नियतकालिक, म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक आणि तेथून पुढे उभे राहिलेले दलित साहित्य, हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याकडे एकाएकी उगवलेला चमत्कार म्हणून पाहण्याची आपल्या समीक्षेला सवय लागली आहे. तो चमत्कार नव्हता. त्याच्यामागे जिल्ह्याजिल्ह्यांतील वसतिगृहांत, वाचनालयांत आणि लहानशा मासिकांत झालेली तीस वर्षांची उमेदवारी होती. ज्याने १९२५ ला वसतिगृहात अंक वाचला, त्याचा मुलगा पन्नाशीत कॉलेजात गेला. ही साखळी जोडून दाखविणे हे जिल्हा इतिहासाचे काम आहे.

मी स्वतः मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलो. माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते; वडील सातवीपर्यंत शिकले. वसतिगृहात आम्ही दर पंधरवड्याला भित्तिपत्रक लावीत असू. त्यातील विषय असे: शिष्यवृत्ती उशिरा का येते, मेसच्या डाळीचा हिशेब, तालुक्यातील बहिष्काराची बातमी, एखादी कविता. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर रात्री व्याख्यानांची तालीम चाले. माझ्या बरोबरीच्यांपैकी आज जे शिक्षक, परिचारिका, तलाठी, कार्यकर्ते झाले, त्यांनी बोलणे आणि लिहिणे तेथे शिकले. आम्ही ज्या शाळेत जात होतो, तिच्या वार्षिकात यांतले काहीही आले नाही. त्या वार्षिकाच्या दृष्टीने आम्ही सवलत घेणारे विद्यार्थी होतो, उपक्रम करणारे नव्हतो. आज माझ्यापुढे वर्गात बसणाऱ्या मुलामुलींना प्रवेशअर्जातील ‘सहशालेय उपक्रम व विशेष यश’ हा रकाना भरावयास सांगितला की, पहिल्या पिढीतील मुले त्यावर सरळ रेघ ओढतात. त्यांतील एक मुलगी वस्तीतल्या वीस लहान मुलांची संध्याकाळची शिकवणी चालविते. ते ‘यश’ आहे असे तिला कोणी सांगितलेले नाही.

मुलींचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. सोलापूरचे वसतिगृह मुलांचे होते. मुक्ता साळवेच्या निबंधानंतर जिल्ह्यांच्या कागदांत आपल्या मुलींचा आवाज फार विरळ ऐकू येतो. भावाला हायस्कूलला पाठविण्यासाठी बहिणीने मजुरी केली, हे आपल्या प्रत्येक आत्मकथनात येते. इतिहासात येत नाही. या मुलींच्या न झालेल्या शिक्षणाची नोंद केल्याशिवाय झालेल्या शिक्षणाचा हिशेब खरा ठरणार नाही.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जुन्या शाळा मंडळांचा कारभार संपला. कायदा बदलला, घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, शाळेचे दार आज कोणी उघडपणे अडवीत नाही. पण गेल्या काही वर्षांत कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे विचार शासनदरबारी सुरू आहेत. पट कमी असलेली शाळा म्हणजे बहुधा वस्तीची, तांड्याची, पाड्याची शाळा. तिची जमाखर्चाची बाजू मांडली जाते. धारवाडच्या मुलापासून सोलापूरच्या वसतिगृहापर्यंतचा इतिहास मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: आपल्या मुलांची गळती अंतराने होते. शाळा आणि घर यांमधील अंतर वाढले की आधी मुलगी थांबते, मग मुलगा थांबतो. हा धडा १९२७ च्या आकड्यांत लिहिलेला आहे.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. जुन्या वसतिगृहांची रजिस्टरे, हिशेबवह्या, हस्तलिखिते, जयंतीची पत्रके, वाचनालयांच्या पावत्या अजून काही घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत पडून आहेत. वसतिगृहात राहिलेली, आता ऐंशी-नव्वदीला टेकलेली माणसे आहेत. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. कोण कोठून चालत आला, कोणाच्या भाकरीवर शिकला, कोणत्या अंकात काय लिहिले, परत गावी जाऊन कोणाला शिकविले, हे विचारावे. एका तालुक्याचे काम दोन विद्यार्थी एका उन्हाळी सुटीत करू शकतील. स्मरणिकांतील ढालींच्या यादीशेजारी ही दुसरी यादी छापली गेली, की आजच्या मुलीला अर्जातील तो रकाना रिकामा ठेवावा लागणार नाही.